मंदिराच्या अंगणातील चाफा
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार झाला. शिखराला रंग लागला, सभामंडपात फरशी बसली, देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर आली. आता अंगणात झाड कोणते लावावे असा प्रश्न निघाला की बहुतेक मंडळी म्हणतात, "चाफा लावा." सूचना योग्यच आहे. परंतु कोणता चाफा, हे ठरल्याशिवाय रोप आणू नये.

एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले तर नुसत्या नावावर फेरफार होत नाही. गट नंबर पाहावा लागतो. चाफ्याचेही तसेच आहे. जुन्या देवळांच्या ओट्याशी दिसतो तो पांढरा देवचाफा किंवा खुरचाफा. त्याची फांदी मोडली की चीक येतो, फुलाला पाच पाकळ्या असतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा आले-हळदीच्या कुळातला, आणि नागचाफ्याचे कूळ आणखी वेगळे. नाव सर्वांचे चाफा, पण घराणी निराळी.

संस्कृतात ज्याला चंपक म्हणतात तो सोनचाफा. पिवळी ते नारिंगी, पंधराच्या आसपास अरुंद पाकळ्या आणि दुरूनच कळणारा सुगंध, ही त्याची ओळख. शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलिया या घराण्यात धरतात. फ्रान्समधील वनस्पतितज्ज्ञ पिएर मॅग्नोल यांच्या सन्मानार्थ शार्ल प्ल्युमिए यांनी १७०३ साली हे नाव योजिले. या घराण्यात दोनशेहून अधिक जाती आहेत. काही उंच वृक्ष, काही झुडपे. बागेतला हिमचंपा याच घराण्यातला, मोठ्या पांढऱ्या फुलांचा, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. पिकल्या कवठासारखा वास येणारा कवठीचाफा हाही याच घरचा, पण झुडूपवजा.

भुंगा चाफ्याकडे फिरकत नाही अशी जुनी समजूत आहे. तिच्यात थोडे तथ्य असावे. हे घराणे मधमाश्यांपेक्षाही प्राचीन मानले जाते. म्हणून त्यातील फुलांचे परागण मुख्यतः लहान भुंगेरे करतात. ते मधासाठी येत नाहीत, पराग खाण्यासाठी येतात.

आता लागवडीचे पाहू. सोनचाफा हा सह्याद्रीच्या आणि पूर्व हिमालयाच्या ओल्या रानातला वृक्ष. मुंबईच्या दादर बाजारात तो वसईकडून येतो. तिथे पाऊस भरपूर. देऊळगाव राजा बालाजीचे गाव, इथे देवाच्या फुलाला मान मोठा; पण मुलूख कोरडवाहू. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडून तीच मुळे उघडी पडतात. म्हणून खड्डा मोठा घ्यावा, मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे आणि रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. पहिल्या उन्हाळ्यात वर सावली करावी.

बियांपासून केलेले झाड फुलायला आठ-दहा वर्षे घेते. कलम दोन-तीन वर्षांत फुलते. बी लावायचेच असेल तर लाल गर धुऊन ताजेच लावावे. वाळलेले बी उगवत नाही. कलम भिंतीपासून पंधरा फूट तरी दूर असावे. बुंध्याभोवती तीन-चार फूट जागा मोकळी ठेवावी, तिथपर्यंत फरशी नेऊ नये. पाय धुण्याच्या नळाचे पाणी पन्हळ काढून झाडाच्या आळ्यात सोडल्यास ते वाया जात नाही. मात्र त्यात साबण नसावा.

खरा प्रश्न पैशाचा नाही. पाटीवर नाव एकदा कोरले की ते टिकते. झाडाला मात्र चैत्र-वैशाखात पाणी घालणारा माणूस लागतो, आणि तोही निदान तीन उन्हाळे. वृक्षारोपणाच्या दिवशी छायाचित्राला गर्दी होते. मे महिन्यात बादली उचलायला कोणी नसते. म्हणून ज्या देणगीदाराने रोप दिले त्याने पाण्याचीही व्यवस्था नेमून द्यावी, आणि घरोघरची पाळी देवस्थानच्या वहीत लिहून ठेवावी.

एवढे जमणार नसेल तर सरळ देवचाफा लावावा. तो फांदीवरून येतो, पाने झडूनही दुष्काळ काढतो. त्यात कमीपणा काहीच नाही. जुन्या लोकांनी तो उगाच लावला नव्हता. परंतु सोनचाफा लावायचा ठरला तर त्याला पोटच्या पोरासारखे तीन वर्षे सांभाळावे. चौथ्या पावसाळ्यात सकाळच्या पूजेला अंगणातलेच फूल देवाच्या पायी जाईल, आणि ज्या घरांनी पाणी घातले त्या सर्वांची ती देणगी ठरेल.