पेटीत न सापडणारा गंधार

जात्यावर बसलेली बाई ओवी गाई, ती कुणाला ऐकवण्यासाठी नव्हे. दळण आणि दुःख, दोन्ही हलकी व्हावीत म्हणून. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या लोकांचेही असेच गाणे होते. गुलामगिरी कायद्याने गेली, पण हाल सरले नव्हते. त्या गाण्याला ‘ब्लूज’ म्हणतात. ब्लू म्हणजे निळा. तिकडच्या बोलीत उदासही.

विल्यम हँडी हा त्याच समाजातला, स्वरलेखन जाणणारा बँडमास्तर. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्टेशनावर त्याला फाटक्या कपड्यांतला एक माणूस दिसला. गिटारच्या तारांवर सुरी दाबून तो एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. ते सूर हँडीच्या मनात राहिले. पुढे १९१२ साली त्याने ‘मेंफिस ब्लूज’चे हक्क थोडक्या पैशांत विकले, आणि नफा दुसऱ्यांच्या पदरात पडला. तेव्हा १९१४ मध्ये ‘सेंट लुईस ब्लूज’ त्याने आपल्या भागीदारीतील प्रकाशनसंस्थेतूनच काढले.

गाणे एका टाकलेल्या बाईचे. नवरा सेंट लुईसच्या दुसरीपाशी गेला. दिवस मावळला की हिच्या पोटात कालवते. रचना साधी आहे. चार-चार मात्रांची बारा आवर्तने, त्यांत तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीने उत्तर द्यायचे. मध्येच मात्र क्यूबाच्या हाबानेरा नाचाचा ठेका येतो.

१९२५ साली बेसी स्मिथ हिने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. साथीला आपल्या संगीत नाटकांत असे तसा पायाने भाता मारायचा ऑर्गन, आणि लुई आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट. ती ओळ संपवते आणि कॉर्नेट हुंकार देते. तिचा गंधार नीट ऐका. तो कोमल नाही, शुद्धही नाही. दोहोंच्या मध्ये हेलकावतो. पट्ट्यांच्या वाद्यात तो सापडत नाही, गळ्यातच सापडतो. जाझ वादकांनी तोच आपल्या वाद्यांतून काढला.

शिक्षकबंधूंनो, वर्गात हा प्रयोग करून पाहा. मुलांना एक ओळ दोनदा म्हणू द्या, तिसरी त्यांनाच रचू द्या. आणि गावातल्या आजीची ओवी लिहून घ्याल, तेव्हा खाली तिचे नावही लिहा. टटवायलरच्या त्या गवयाचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.