कागदाची बैलजोडी



श्रावणातली अमावस्या म्हणजे पोळा. आदल्या दिवशी खांदेमळण. पोळ्याला बैल नदीवर धुवायचे, शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि पुरणपोळीचा घास. आपल्या मोसम नदीकाठी हे कोणाला सांगायला नको.

पण आता किती गोठ्यांत बैल उरले? नांगरट ट्रॅक्टर करतो. चारा महाग झाला. पुष्कळांनी जोडी विकली. ज्यांच्या घरी बैल नाही, ते मातीचे बैल करून पुजतात. विदर्भात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल मिरवतात. आज आम्ही तुम्हाला कागदाचा बैल शिकवणार आहोत.

कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून चित्र करायचे, ही जुनी कला आहे. काही शतकांपूर्वी युरोपातल्या मठांत राहणाऱ्या बाया अशा पट्ट्यांनी देवाच्या तसबिरी सजवीत. पट्टी पिसाच्या देठावर गुंडाळीत, म्हणून तिला क्विलिंग हे नाव पडले, असे सांगतात. आपल्याला पिसाची गरज नाही. खराट्याची बारीक काडी पुरे.

वहीच्या कागदाएवढा जाड रंगीत कागद घ्या. पतंगाचा कागद फार पातळ, लग्नपत्रिकेचा फार जाड, तो मोडतो. झेरॉक्सच्या दुकानातले पान सुमारे ३० सेंटीमीटर लांब आणि २१ सेंटीमीटर रुंद असते. पट्टीने मोजून अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर लांबीच्या बाजूने रेघा मारा आणि कापा. किती पट्ट्या झाल्या? ४२. हिशेब करून पाहा.

आता चार पट्ट्या टोकाला टोक चिकटवून एक लांब पट्टी करा. काडीवर घट्ट गुंडाळा. काडी काढून घ्या आणि गुंडाळी जराशी सैल सोडा. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी झाली, की टोकाला डिंक लावा. दोन बोटांनी दाबून लांबट करा. हे झाले पोट. डोक्याला एक पट्टी. तिची गुंडाळी एका बाजूला चिमटीत धरली की तोंड होते. वशिंडाला अर्धी. चार पायांना अर्धी अर्धी, दाबून चपट्या करायच्या. शिंगांना अर्धी अर्धी, वाकवून कोयरीसारखी. कानाला अर्धी, शेपटीला अर्धी. एकूण साडेनऊ. म्हणजे एका पानात चार बैल, दोन जोड्या!

सगळे भाग जुन्या पुठ्ठ्यावर मांडून पाहा, मगच चिकटवा. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवलेला चालतो. कणकेची खळही चालते, पण तिला झुरळे लागतात. डिंक थोडाच लावा. जास्त झाला तर कागद ओला होऊन बसतो.

आमच्या गल्लीत एक म्हातारे शेतकरी राहतात. जोडी विकल्यावर दोन वर्षे पोळ्याला ते ओट्यावरसुद्धा बसले नाहीत. प्रौढ वर्गात आम्ही त्यांच्यापुढे पट्ट्या ठेवल्या. ते म्हणाले, "गुरुजी, हा पोरांचा खेळ. नांगर धरलेली बोटं ही, यांना कागद कसा जमायचा?"

आम्ही काहीच बोललो नाही. आपला बैल करत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी काडी हातात घेतली. दोन पट्ट्या फाटल्या, तिसरी जमली. आमचा बैल पाहून म्हणाले, "गुरुजी, शिंगं चुकली. आमच्या ढवळ्याचं उजवं शिंग खाली वळलेलं होतं." आणि त्यांनी ते तसेच वळवले.

मग आम्ही म्हटले, "बाबा, आता नाव लिहा." 'ढ' काढायला त्यांना वेळ लागला. 'ळ' उलटा आला, तो खोडला. शेवटी पुठ्ठ्यावर 'ढवळ्या' उभा राहिला. दुसऱ्याखाली 'पवळ्या'. अंगठा लावणाऱ्या हाताने स्वतःच्या सहीनंतर लिहिलेली हीच पहिली दोन नावे. त्या पोळ्याला बाबांनी ती जोडी पाटावर मांडली. स्वतः हळदकुंकू वाहिले. नातवाला जवळ घेऊन ढवळ्या किती चालायचा, कुठे अडायचा, ते सांगत बसले. बैल गेले, पण नातवाला ते कळले तरी.

तेव्हा मंडळी, येत्या पोळ्याला हे करून पाहा. लहान मुलांना सोबत घ्या. बैल कागदाचा आहे, म्हणून निरांजन हातभर दूर ठेवा. आणि ज्या बैलाने तुमच्या घरासाठी जन्मभर राबून दिले, त्याचे नाव खाली लिहायला विसरू नका. चुकले तर खोडा, पुन्हा लिहा. आम्ही बघायला येऊ.