करमुक्त आहोत, हिशेबमुक्त नाही

(नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



इन्कम टॅक्सचे नाव निघाले की आपल्यातले बहुतेक जण म्हणतात, "आपला काय संबंध? शेतीला टॅक्स नाही." शहरातला माणूस म्हणतो, "शेतकरी एक पैसा कर भरत नाही." दोघांचेही बोलणे अर्धवट आहे.

शहरवाल्याचे आधी पाहू. कपाशीवर फवारायच्या औषधावर आपण १८ टक्के जीएसटी भरतो. कारखानदाराला मालावर भरलेला जीएसटी पुढच्या विक्रीत वळता करून मिळतो. आपल्याला तो मिळत नाही, आपल्या खर्चातच जिरतो.

आता आपले. १९६१ च्या आयकर कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले. संसदेने २०२५ साली नवा कायदा केला, त्याची अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यातही ही सूट कायम आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही. शेती उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेलाच नाही, तो राज्यांकडे आहे.

पण नीट ऐका. सूट शेतीच्या उत्पन्नाला आहे, शेतकऱ्याला नाही. कापूस, ज्वारी, कडबा, बटाईने दिलेल्या रानाचा वाटा, हे शेतीचे उत्पन्न. म्हशीचे दूध, शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टरचे भाडे, दुसऱ्याच्या रानातली मजुरी, गावातले दुकान, बँकेचे व्याज, मुलाचा पगार, हे शेतीचे नाही. नांदगाव, येवला, सिन्नर, मालेगावच्या कोरडवाहू पट्ट्यात नुसत्या रानावर घर चालत नाही. म्हणून ही विभागणी बागायतदारापेक्षा आपल्यालाच जास्त कामाची आहे. शिवाय कर घराला नसतो, माणसाला असतो. बापाचा, आईचा, मुलाचा हिशेब वेगवेगळा मांडायचा.

नोकरीवाल्या मुलाने शेतीचे उत्पन्न दाखवले तर कर वाढेल, अशी भीती घरोघर आहे. डॉ. के. एन. राज समितीने १९७२ साली शेतीवर कर सुचवला होता, तो आला नाही. १९७३ च्या वित्त कायद्याने मात्र एक नियम आणला. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ हजारांवर आणि बाकीचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर फक्त कराचा दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न त्यात मिळवतात.

२०२५-२६ या वर्षाचे, नव्या पद्धतीने गणित करू. पगार ६ लाख ७५ हजार. त्यातून ७५ हजारांची ठरीव वजावट गेली, राहिले ६ लाख. मुलाच्या स्वतःच्या नावावरील रानाचे निव्वळ १ लाख. दोन्ही मिळून ७ लाखांवर कर १५ हजार. मग शेतीचे १ लाख अधिक ४ लाखांची मर्यादा, म्हणजे ५ लाखांवर कर ५ हजार. वजा करा, उरले १० हजार. शेती नसती तरी १० हजारच आले असते. आणि एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने पगारावरची ती रक्कमही सवलतीत माफ होते. मग लपवायचे कशाला?

मात्र रिटर्न भरावे लागते. तेही योग्य फॉर्मवर. 'सहज' फॉर्मवर शेतीचे उत्पन्न ५ हजारांपर्यंतच दाखवता येते. त्यापुढे अशा नोकरदाराने आयटीआर-२ भरावा. दुकान किंवा धंदा असेल त्याचा फॉर्म आणखी वेगळा.

समृद्धी महामार्गात सिन्नर, इगतपुरीकडे जमिनी गेल्या. मोबदला ठेवीत पडला. त्यावरचे व्याज शेतीचे नाही. एप्रिल २०२५ पासून वर्षाचे व्याज ५० हजारांवर गेले की बँक १० टक्के कापते, पॅन दिला नसेल तर २० टक्के. साठी उलटलेल्यांना मर्यादा १ लाख. ज्याला मुळात कर लागत नाही त्याने वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसे लिहून द्यावे. याच कागदाला पंधरा-जी आणि वयस्कांसाठी पंधरा-एच म्हणत आले आहेत. कापले गेलेच असेल तर रिटर्न भरून परत मागावे. ते न मागता सोडून देणे म्हणजे हातचे पोते बाजारात विसरून येणे.

जमीन विकणाऱ्यांनी अंतर पाहावे. १० हजार ते १ लाख वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १० लाखांपर्यंत ६, त्यापुढे ८. याच्या आतली शेतजमीन विकली तर नफ्यावर कर बसू शकतो. २०११ च्या जनगणनेने मालेगावला ६ आणि नाशिकला ८ किलोमीटर लागू होतात. मोजणी रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत.

पीएम-किसानचे पैसे बंद होतील म्हणून काही जण रिटर्न टाळतात. नियमाने वगळले आहे ते मागील वर्षी आयकर भरलेल्यांना. कर शून्य असलेले रिटर्न म्हणजे कर भरणे नव्हे.

आता मुख्य गोष्ट, पुरावा. काळा पैसा शेतीच्या नावाने पांढरा करणारे आहेत. ही सूट देताना कागद पुरेसे तपासले जात नाहीत, असे महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात नोंदवले. उद्या तपासणी कडक झाली तर पैसेवाल्याकडे वकील असेल. आपल्याकडे पावती तरी हवी. खेडा खरेदीत कापूस घालताना वजन, भाव, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी घ्या. बाजार समितीची हिशेबपट्टी, काटापट्टी, बियाण्या-खताची पक्की बिले, पीकपाहणी लागलेला सातबारा आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवा. वेचणीची मजुरी वहीत लिहा, घरच्या बायामाणसांचे दिवससुद्धा लिहा.

घरचे दिवस करासाठी लागत नाहीत, भावासाठी लागतात. २०१८ पासून सरकार हमीभावाची दीडपट धरते ती रोख खर्च आणि घरच्या मजुरीवर. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्थिर भांडवलाचे व्याज त्यात येत नाही. ते धरा म्हणून भांडायचे तर आकडा आपल्या वहीतला हवा. टॅक्सचा कागद आणि भावाचा लढा एकाच वहीतून निघतात.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपली वही आणावी. बाईंनी वेगळी, बाप्यांनी वेगळी आणली तरी चालेल. आपण ती बसून मांडू.