निर्लेखित संगणकातील नोंदी



जुना संगणक निर्लेखित करून परत देण्याचा प्रसंग आपणांपैकी अनेकांवर येतो. सन २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीसाठी आपण मुलांची नावे, जन्मतारखा, जात व आधार क्रमांक भरत आलो आहोत. त्या याद्यांच्या प्रती बहुधा यंत्रातच असतात.

यादी ‘डिलीट’ केली म्हणजे ती नाहीशी झाली, हा समज खरा नव्हे. नोंदवहीच्या अनुक्रमणिकेतील ओळ खोडली तरी आतील पान शाबूतच राहते. ‘क्विक फॉरमॅट’ही केवळ अनुक्रमणिका कोरी करते. अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या अवघ्या १२ होत्या. गुणपत्रिकेच्या कागदात बांधलेली भेळ आपण खाल्लीच असेल, प्रकार तोच. वसमत वा कळमनुरीचे यंत्र उद्या कोणाच्या हाती पडेल, हे कोणी सांगावे?

यास्तव आवश्यक माहितीची प्रत प्रथम काढावी व ती उघडते की नाही, हे पाहावे. निर्लेखनाची मंजुरी आल्यावर डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून पूर्ण फॉरमॅट करावी. विंडोज व्हिस्टा व त्यापुढील आवृत्त्यांत या क्रियेने सर्वत्र शून्ये लिहिली जातात. काही तास जातील, जाऊ द्यावेत. पस्तीस वेळा पुसावे असे कोणी सांगेल, परंतु फिरत्या तबकडीच्या डिस्कला एक वेळ पुरे. एसएसडीला मात्र हा उपाय अपुरा पडतो; तेथे उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरावी. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही. तिच्या तबकड्यांना भोके पाडावीत, आणि डिस्कचा क्रमांक व तारीख मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीने जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहावी.