कारखान्याची नोंदवही आणि नफा

(ज्ञातिमंडळाच्या परंदवडी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आकडेवारीच्या साहाय्याने कारखान्याचा नफा कसा वाढतो, या विषयावर बोलावे अशी मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. आम्ही तिघे बंधू विद्वान नव्हेत. येथेच परंदवडीत आमची एक लहानशी यंत्रशाळा आहे व तीत तीन सी.एन.सी. लेथ चालतात, एवढाच आमचा अधिकार. तथापि खऱ्या नोंदी नसल्यामुळे आमचे उरलेसुरले भातखाचर बँकेकडे गहाण पडण्याच्या बेतात होते, आणि खऱ्या नोंदी हाती आल्यामुळे ते वाचले. ही हकीकत सांगण्यास विद्वत्ता लागत नाही. थोडी लाज बाजूस ठेवावी लागते. ती ठेवून आम्हां तिघांच्या वतीने बोलत आहोत.

आपले वाडवडील ऐरणीवर घाव घालून जगले. आमच्या आजोबांच्या भात्यापाशी वही कधीच नव्हती. कोणाच्या फाळाला किती वेळा धार लावली, कोणाचे विळे किती केले, हे लिहून ठेवण्याचे कारणच नव्हते. कारण बलुते वर्षाचे ठरलेले असे. सुगी झाली की खळ्यावर जावे आणि आपला वाटा घेऊन यावे. काम जास्त झाले म्हणून धान्य वाढत नसे. ती रीत बरी की वाईट, हा वाद आज नको. परंतु त्या रीतीत न मोजण्याची जी सवय रक्तात भिनली, ती बलुते गेले तरी गेली नाही. आज आपल्याला जॉबमागे पैसे मिळतात, यंत्राचा हप्ता महिन्यामागे द्यावा लागतो, वीज युनिटामागे. आणि हिशेब मात्र आपण खळ्यावरचाच ठेवतो.

वस्तुतः याच तालुक्यात मोजण्याची परंपरा जुनी आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली निघाला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. पैशापैशाचा हिशेब ठेवल्याखेरीज असा फंड उभाच राहता ना.

आता आमची कथा. द्रुतगती मार्गाच्या वेळी आमच्या जमिनीचा एक तुकडा गेला. त्याच्या मोबदल्यातून शेड उभी राहिली व पहिला लेथ आला. पुढे कर्ज काढून आणखी दोन घेतले. माल गिऱ्हाईक कंपनीचा, मजुरी आमची, असे जॉबवर्कचे काम. काम भरपूर, रात्रपाळीही चाले, आणि तरीही महिनाअखेरीस हातात काही उरत नसे. आम्ही तिघांनी बसून निदान केले ते असे, की यंत्रे कमी पडतात, चौथे घेतले पाहिजे. बँकेने तारण मागितले. तारण देण्याजोगे एकच उरले होते, ते म्हणजे खाचर. त्या रात्री आमच्या मातोश्री जेवल्या नाहीत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव नुकतेच पदविका घेऊन घरी आले होते. ते म्हणाले, "काका, चौथे यंत्र घेण्याआधी पहिली तीन किती चालतात ते तरी पाहू." आम्हांस हसू आले. यंत्रे तर दिवसरात्र घरघरत होती! तरी त्यांनी प्रत्येक लेथला एकेक लहान उपकरण जोडले. वीजपुरवठा आहे की नाही, स्पिंडल फिरतो की थांबला, आणि जॉब किती निघाले, एवढेच ते टिपून ठेवी व आकडे मोबाईलवर दाखवी. महिनाभराने त्यांनी जो हिशेब पुढे ठेवला तो एका पाळीचा सांगतो, म्हणजे सर्वांस समजेल.

आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. जेवणाची ३० वजा जाता ४५० उरतात. त्यांपैकी यंत्र ९० मिनिटे उभे होते; चालले ३६०. एका जॉबला दीड मिनिट लागते, त्या मानाने ३६० मिनिटांत २४० जॉब निघावयास हवे होते, निघाले १९२. त्यांतही १२ खराब, चांगले १८०. एकशेऐंशी जॉबांचे काम २७० मिनिटांचे. म्हणजे ज्या ४५० मिनिटांचा पगार, वीज आणि हप्ता आम्ही भरीत होतो, त्यांपैकी शंभरात साठच मिनिटांचे पैसे आम्हांस मिळत होते. यंत्र किती वेळ चालले, किती वेगाने चालले आणि माल किती चांगला निघाला, या तिन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करून कारखाना जोखण्याची ही रीत सेइइची नाकाजिमा या जपानी गृहस्थांनी रूढ केली. उत्तम कारखान्यास शंभरात पंच्याऐंशी गुण मिळावेत, अशी त्यांची अपेक्षा. आम्ही साठात होतो आणि स्वतःस उत्तम समजत होतो.

पण खरा धक्का पुढेच होता. ती ९० मिनिटे कशात गेली? आमच्याकडे यंत्रबंदची नोंदवही होती. ऑपरेटर तीत कारण लिहीत. तीत पानोपानी एकच कारण होते: "वीज नाही." नवे उपकरण मात्र सांगत होते, की त्या वेळी वीज होती, केवळ स्पिंडल थांबलेला होता. आमच्या मधल्या बंधूंस राग आवरेना. त्यांनी सर्वांत जुन्या ऑपरेटरांस बोलाविले. ते नात्याने आमचे मामा. त्यांनी शांतपणे उत्तर दिले ते जसेच्या तसे सांगतो: "खरं लिहिलं तर तुम्ही पगार कापता, दादा. विजेचं नाव लिहिलं तर वीज काय भांडायला येती व्हय?"

आम्ही निरुत्तर झालो. खरी गोष्ट अशी होती, की जॉब बदलला म्हणजे पहिला नग गेज लावून पास करून घ्यावा लागतो. गेजांचा संच एकच, तो मधल्या बंधूंच्या कपाटात कुलूपबंद. आणि बंधू तर माल पोहोचविण्यास चाकणला गेलेले. ते परत येईपर्यंत यंत्र उभे. बंद यंत्राची मिनिटे पगारातून वजा करण्याचा नियम आमचाच होता. दोष कपाटाचा, दंड कामगाराला आणि नाव विजेचे! वेग कमी का, याचाही उलगडा त्याच दिवशी झाला. इन्सर्ट लवकर झिजतात म्हणून आम्ही सारखे कुरकुरत असू. तेव्हा मंडळींनी इन्सर्ट वाचविण्याकरिता यंत्रच मंद चालविले होते. शंभर रुपये वाचविण्यासाठी हजारांची मिनिटे जात होती, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते, कारण आम्हांसच ते माहीत नव्हते.

ज्ञातिबंधूंनो, आज बाजारात आकडे गोळा करण्याची नाना उपकरणे विकावयास येतात, आणि विकणारे गृहस्थ असे भासवितात की ती बसविली की नफा आपोआप वाढतो. आमचा अनुभव निराळा आहे. यंत्र थांबले, हे उपकरण सांगते. का थांबले, हे माणूसच सांगू शकतो. आणि ज्याच्या पोटावर पाय येणार आहे, तो खरे सांगत नाही. म्हणून आम्ही प्रथम पगारकपातीचा नियम रद्द केला, दुसरा गेजसंच आणला, किल्ली सेटरच्या हाती दिली. एवढा खर्च चौथ्या यंत्राच्या एका हप्त्याइतकाही नव्हता. चार महिन्यांनी पाळीस २७० ऐवजी ३४० मिनिटांचे काम निघू लागले. तीन यंत्रांवर मिळून २१० मिनिटे वाढली. चौथे यंत्र आमच्या जुन्या रीतीने जे काम देते, त्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक. बँकेचा अर्ज आम्ही मागे घेतला.

खराब मालाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत आपल्या कारागिरांची एक समजूत चुकीची आहे. मापात किंचित फरक दिसला की आपण लगेच यंत्राची सेटिंग हलवितो, यात आपणांस दक्षता वाटते. १९२४ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की प्रत्येक यंत्राचा थोडा चढउतार स्वाभाविकच असतो. त्याच्या वरची व खालची मर्यादा कागदावर आखावी, मापांचे ठिपके मांडीत जावे, आणि ठिपके मर्यादेबाहेर पडले किंवा एकाच बाजूस सरकू लागले, तरच हात घालावा. नांगरताना दर पावलाला कासरा ओढणाऱ्याचे तास कधी सरळ येत नाही, हे शेतात आपण जाणतो, लेथपाशी विसरतो. दर तासाला पाच नगांचे माप घेऊन त्यांच्या सरासरीचा ठिपका मांडू लागल्यावर, झिजत चाललेले टूल ठिपक्यांच्या चढत्या ओळीत स्पष्ट दिसू लागले, आणि नग बिघडण्यापूर्वीच इन्सर्ट बदलता येऊ लागला. हेच शूहार्ट महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ साली भारतात येऊन गेले होते. त्यांचे सहकारी डेमिंग १९५० साली जपानात व्याख्याने देण्यास गेले. जपानने पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. ते पारितोषिक मिळविणारी पहिली भारतीय कंपनी, मद्रासकडील सुंदरम-क्लेटन, १९९८ साली झाली. विद्या दाराशी येऊन गेली आणि आपण पाट मांडावयास अर्धे शतक घेतले.

नफ्याची दुसरी गळती यंत्रावर नव्हती, ती दरपत्रकात होती. आम्ही मुख्यतः दोन प्रकारचे काम करीत होतो. एक बुश, दीड मिनिटाचा, मजुरी ९ रुपये. म्हणजे मिनिटास ६ रुपये. दुसरा पंपाचा शाफ्ट, पाच मिनिटांचा, मजुरी ३५ रुपये. म्हणजे मिनिटास ७ रुपये. पगार, वीज, हप्ता, टूल सारे धरून यंत्राचे एक मिनिट आम्हांस ५ रुपयांस पडे. तेव्हा शाफ्टमध्ये नफा अधिक, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हणत होतो. परंतु शाफ्टचा लॉट चाळीस नगांचा. काम २०० मिनिटांचे, आणि यंत्राची बांधणी बदलण्यास १५० मिनिटे. साडेतीनशे मिनिटांत १,४०० रुपये, म्हणजे मिनिटास ४ रुपये. प्रत्येक लॉटला आम्ही पदरचे ३५० रुपये घालीत होतो आणि ते काम मिळाले म्हणून आनंदाने पेढे वाटीत होतो!

हा कागद घेऊन आम्ही गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आमचा कागद पाहण्यापूर्वी स्वतःचा संगणक आमच्याकडे वळविला. त्यावर आमचा दोन वर्षांचा इतिहास होता: किती नग नाकारले, किती वेळा माल उशिरा आला, कोणत्या महिन्यात घसरण झाली. आमची सारी कुंडली त्यांच्यापाशी होती. आमच्यापाशी आमचीच नव्हती. मोठ्या कंपनीचे बळ तिच्या भांडवलात असते खरे, परंतु घासाघीस करताना जो आकड्यांनिशी बोलतो त्याच्यापुढे निव्वळ गाऱ्हाणे टिकत नाही. त्या दिवशी आम्ही दर वाढवून मागितलाच नाही. चाळीसांचे तीन लॉट एकत्र करून एकशेवीसांचा एकच द्यावा, एवढीच विनंती केली. ६०० मिनिटे काम, १५० मिनिटे बांधणी, मजुरी ४,२०० रुपये. म्हणजे मिनिटास ५ रुपये ६० पैसे. त्यांचे काही जात नव्हते, त्यांनी मान्य केले. हिशेब आधी मांडला असता तर हे दोन वर्षांपूर्वीच झाले असते.

वीजबिलाचे एकच सांगतो. बिलात वापरलेल्या युनिटांखेरीज मागणी आकार निराळा असतो, आणि तो महिन्यातील सर्वांत जास्त मागणी पाहून लागतो. आमची उष्णोपचाराची लहान भट्टी सकाळी तापवावयाची, त्याच वेळी तिन्ही लेथ व कॉम्प्रेसर सुरू. भट्टी पहाटे, पाळीपूर्वी तापवू लागलो, इतकेच.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. मिनिटे वाचली म्हणजे नफा झाला असे नव्हे. त्या मिनिटांत केलेला माल कोणी घेणारा हवा. मागणी नसता केलेला माल रॅकवर पडतो आणि पैसा त्यात अडकतो. तळेगावी जनरल मोटर्सच्या कारखान्यात २००८ साली मोटारी तयार होऊ लागल्या; २०२० च्या अखेरीस ते उत्पादन थांबले, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. असे चढउतार आपल्या हातचे नाहीत. परंतु आपल्या विक्रीत कोणत्या एका गिऱ्हाइकाचा वाटा शंभरात किती, हा आकडा ज्याला तोंडपाठ नाही, त्याने नवे कर्ज काढण्यापूर्वी तो अवश्य काढावा. आमचा तो आकडा ७० होता. आता ५५ वर आणला आहे. अजून समाधान नाही.

कित्येक बंधू विचारतील की उपकरणाला पैसे नसतील तर? तर एक पेन्सिल आणि रेघांचा कागद पुरे. यंत्र किती वाजता थांबले, किती वाजता सुरू झाले आणि का, एवढे तीन रकाने. पहिल्या महिन्यात मामांनी तिसऱ्या रकान्यात जे लिहिले, त्यांतील निम्मी कारणे आम्हां बंधूंच्याच नावावर निघाली. ते वाचताना जीव खाली-वर झाला, पण पान फाडले नाही. ती वही अजून कपाटात आहे, आणि कपाटाला आता कुलूप नाही.

तीन रकान्यांच्या त्या कागदाच्या प्रती मंडपाच्या दाराशी मेजावर ठेविल्या आहेत. लागतील तितक्या न्याव्यात. कोणास यंत्रशाळा पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे. मात्र गुरुवारी येऊ नये, त्या दिवशी आमच्याकडे सुट्टी असते. बुधवारी सायंकाळी यावे, पाळी बदलताना मामा स्वतः वही भरतात, त्यांनाच विचारावे.