मेरीची आजी



बसवकल्याणहून उमरग्यावरून सोलापूरच्या वाटेला लागलं की नळदुर्ग येतं. 1853 साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा इथला कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला. त्याआधी ते सुरपूरला होते; तिथली टेलर मंझिल आजही उभी आहे. टेलरसाहेबांचं नाव आपल्या भागात जुनं आहे. पण त्यांची बायको कोण, हे कुणी विचारत नाही.

ती मेरी पामर. लग्न 1832 सालचं. वडील विल्यम पामर, हैदराबादचे बडे पेढीवाले, खुद्द निजाम सरकारला कर्ज देणारे. आजोबा जनरल पामर, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी पुण्यात इंग्रजांचे रेसिडेंट. पुरुषांची साखळी अशी झरझर जुळते.

बायकांकडून जायचं तर थांबत थांबत जावं लागतं. विल्यमची आई, म्हणजे मेरीची आजी, फैज बख्श बेगम. इराणहून येऊन दिल्लीत आणि पुढे लखनौत राहिलेल्या घोडदळातल्या एका अधिकाऱ्याची ही मुलगी. लखनौत 1785च्या सुमाराला काढलेलं या कुटुंबाचं चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लाल कोटातले जनरल खुर्चीवर, बेगम जमिनीवर बसलेल्या, भोवती मुलं. जनरलनी आपल्या मृत्युपत्रात पस्तीसहून अधिक वर्षांची सोबतीण म्हणून त्यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. हे चित्र आणि तो कागद नसता, तर मेरीच्या वंशावळीत आजीच्या जागी नुसती रेघ राहिली असती.

टेलरसाहेबांचं आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, 1877 साली निघालं. ते सिद्ध केलं मेरीच्या मुलीने. तिचं नाव अ‍ॅलिस, पण पुस्तकावर छापलंय ते एवढंच: त्यांच्या कन्येने संपादित. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

आपल्याकडे अशा वंशावळी सांगायला उत्तर कर्नाटकात आणि सोलापूर-सांगलीकडे हेळवी येतात. दारात बसून, चोपडी उघडून घराण्याच्या पिढ्या सांगतात. खापरपणजोबापासून नावं येतात, ऐकताना ऊर भरून येतो. आपण त्यांना धान्य देतो, दक्षिणा देतो. यंदा हेळवी आले तर त्यांना जरा वेळ बसवून घ्या. आजीचं माहेरचं नाव सांगा, तिच्या आईचं सांगा, सासरी गेलेल्या लेकींचीही सांगा आणि ती सगळी चोपडीत लिहून घ्यायला लावा.