मेंढवाडा घाट उतरतो

(शिक्षक, पंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उंच डोंगरातील खिंड पायी ओलांडणे म्हटले की हिमालयातील बर्फ आणि गिर्यारोहकांची पथके डोळ्यांपुढे उभी राहतात. बारामती व इंदापूर हे तर माळरानाचे तालुके. येथे कोठली खिंड आणि कोठला घाट? परंतु दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास याच माळांवरून धनगरांचे मेंढवाडे पश्चिमेकडे निघतात आणि सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतात. या प्रवासास कोणी साहस म्हणत नाही, कारण तो पोटासाठी केलेला असतो.

या प्रवासाचे कारण पावसात आहे. नीरा नदी भोर तालुक्यात शिरगावजवळ, वरंधा घाटाच्या माथ्यानजीक उगम पावते आणि इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलीमीटरांनी मोजावा लागतो. नदीच्या खालच्या अंगास वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलीमीटरच्या आसपास पडतो. माळावरचे गवत दिवाळीनंतर वाळून जाते. त्याच वेळी कोकणात भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी होतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागात उसाचा हिरवा पट्टा निर्माण केला हे खरे. पण उसाच्या फडात मेंढीला जागा नाही, आणि कालव्याच्या वरच्या अंगाची जमीन कोरडीच राहिली.

इंदापूरहून भोरमार्गे महाडपर्यंतची वाट दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. मेंढ्या चरत चालतात, त्यामुळे दिवसाची मजल थोडी असते. पुरुष कळपामागे, बायका बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन पुढे जातात, तळाची जागा धरतात, पाणी पाहतात, चूल मांडतात. चालता न येणारी कोकरे घोड्याच्या पाठीवरून येतात. रात्री कळपाभोवती वाघर, म्हणजे दोरीचे जाळे लावले जाते आणि कुत्री राखणीस बसतात. माळावर लांडग्याचे भय, घाटात बिबट्याचे. शेतात मेंढ्या बसविल्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. लेंडीखत त्याच्या जमिनीत राहते.

सर्वांत अवघड तो घाटाचा टप्पा. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि मधल्या अरुंद डांबरी सडकेवर वाहनांची वर्दळ. पुढची मेंढी बुजली की मागचा सारा कळप तिच्यामागे धावतो, हा या जनावराचा स्वभाव. वळणावर अचानक आलेल्या एका मालमोटारीने वर्षाची कमाई जाऊ शकते. वनहद्दीत चराईवर निर्बंध असल्याने कळपास सडकेखाली उतरविणेही सोपे नसते. अलीकडे काही कुटुंबे बिऱ्हाड टेम्पोने पुढे पाठवितात. मेंढ्यांना मात्र चालावेच लागते.

हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ धौलाधारची ४,३०० मीटरांहून उंच असलेली इंद्रहार खिंड कळपासह ओलांडतात, याचे पर्यटकांस मोठे कौतुक वाटते. ते हिवाळ्यातील बर्फ टाळण्यासाठी खाली उतरतात. दख्खनी मेंढी उन्हाळ्याअखेर घाट चढून परतते ती कोकणचा पाऊस टाळण्यासाठी; चिखलात तिचे खूर सडतात. उंचीत फरक आहे, चालण्यामागील हिशेब मात्र एकच.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीस येते, तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिवशी मेंढपाळास मान मिळतो. उरलेल्या वर्षात त्याच्याकडे कोण पाहते, हा प्रश्न येथे बसलेल्यांनीच सोडवावयाचा आहे.

वन्यप्राण्याने मेंढी मारल्यास शासन भरपाई देते. त्यासाठी वेळेत खबर आणि पंचनामा लागतो. वाडा तर पहाटेच हलतो. पंचनाम्यासाठी एक दिवस थांबला, तर शेदोनशे मेंढ्यांचा चारा कोठून आणावा? परक्या तालुक्यातील मेंढपाळ बहुधा मेलेली मेंढी तेथेच टाकून पुढे जातो. ग्रामसेवकाने किंवा वनरक्षकाने त्याच सकाळी तळावर जाणे, एवढाच यावर उपाय आहे. लसीकरणाचेही तसेच. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते आणि ते दिवस नेमके परतीच्या वाटेवरचे. दवाखान्याने कळपाची वाट पाहण्याऐवजी तळावर जाणे अधिक शहाणपणाचे. पंचायतींनी वाटेवरच्या गावठाणाशेजारी तळासाठी मोकळी जागा आणि पाण्याचा हौद राखला, तर खर्च फारसा नाही.

मुलांचे मात्र अधिक अवघड आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क दिला, आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही झाली. दिवाळीनंतर मूल निघते तेव्हा हे कार्ड त्याच्या हाती असले पाहिजे, आणि कोकणातील शाळेने ते पाहून त्यास वर्गात बसविले पाहिजे. वाडे मृगाच्या सुमारास परततात, शाळा जूनच्या मध्यास उघडतात. मधल्या आठदहा दिवसांत शिक्षकाने धनगरवाडीवर एक फेरी मारली, तर कोण परतले आणि कोणाचे नाव पटावर राहिले नाही, हे त्यास तेथेच कळते.